रायबाचं बाड

धोंडाबाई ढेबेला किळस फार लवकर यायची. शेणामुताची नाही, शेळीच्या खुरात पडलेल्या अळ्यांचीही नाही. त्यात तर तिचा जन्म गेला होता. म्हैस अडली की कोपरापर्यंत हात घालून ती रेडकू बाहेर ओढायची आणि हात धुऊन भाकरी थापायला बसायची. तिला किळस यायची ती माणसांची. कुणी लोण्यात उकडलेला कंद कालवून बाजारात विकला, कुणी समोर गोड बोलून पाठीमागं दात काढले, की तिच्या पोटात खरोखरच ढवळून यायचं. ती बाजूला जाऊन थुंकायची, पदरानं तोंड पुसायची आणि त्या माणसाच्या घरचं पाणी कायमचं सोडायची. सख्ख्या भावाच्या घरचं पाणीही तिनं असंच सोडलं होतं. त्यानं शेजाऱ्याची शेळी आपली म्हणून विकली होती आणि वर देवाची शपथ घेतली होती.

वेल्ह्याच्या वर, तोरण्याच्या अंगाला धनगरांची एक लहानशी वस्ती होती. गवतानं शाकारलेली काही घरं, मागं गोठे आणि भोवती कारवीचं रान. तिथं ती नांदायला आली तेव्हा तिला नीट लुगडंही नेसता येत नव्हतं. नवरा हैबती उंचापुरा, हाडापेरानं मजबूत, पण स्वभावानं अगदी गरीब. म्हशींशी तो दिवसभर बोलायचा. माणसांपुढं मात्र त्याची जीभ टाळ्याला चिकटायची. जंगलखात्याचा साधा शिपाई दिसला तरी तो डोक्याचं मुंडासं काढून हातात धरायचा. धोंडाबाईला ते आवडत नसे, पण तिनं कधी बोलून दाखवलं नाही. माणूस प्रामाणिक होता, तिला मारत नव्हता, दारूला शिवत नव्हता. तिच्या दोन मुली देवीच्या साथीत गेल्या. त्यानंतर बऱ्याच वर्षांनी रायबा झाला, आणि तो जगला.

या रायबाच्या हातात काहीतरी होतं. गोठ्यापुढच्या सपाट कातळावर तो चुलीतल्या कोळशानं चित्रं काढायचा. पोरं काढतात तशी चार पाय आणि एक शेपूट नव्हे. त्यानं शेळी काढली की वस्तीतलं कुणीही म्हणायचं, ही तर कोंडाबाईची लंगडी. म्हैस काढली तर तिच्या डोळ्यांतला आडमुठेपणासुद्धा कातळावर उतरायचा. पाऊस आला की सगळं धुऊन जायचं आणि रायबा पुन्हा नव्यानं सुरू करायचा. धोंडाबाई घागर घेऊन येता-जाता थांबून बघायची. कौतुक म्हणून काही बोलायची नाही, पण चित्र पुसू नये म्हणून कातळाला वळसा घालून जायची.

पायथ्याच्या गावात शाळा होती. तिथं शरच्चंद्र टिपणीस नावाचे तरुण मास्तर भोरहून नेमून आले होते. घरचे कारकुनी पेशातले, अंगात स्वच्छ कोट, पायात वहाणा, बोलणं मऊ. एकोणीसशे अडतीसच्या सुमारास दहा-अकरा वर्षांचा रायबा त्यांच्या हाताखाली आला. पोरानं पाटीवर गणिताऐवजी मास्तरांचाच चेहरा काढला, तेव्हा मास्तरांनी छडी उचलली आणि तशीच खाली ठेवली. त्याच संध्याकाळी ते धापा टाकत वस्तीवर चढून आले. कातळावरच्या चित्रांपुढं उकिडवे बसले ते बराच वेळ उठले नाहीत.

"धोंडाबाई," ते म्हणाले, "हे मूल साधं नाही हो."

त्याआधी ते तिला 'अगं' म्हणायचे. त्या दिवसापासून 'अहो' म्हणू लागले.

त्यांनी भोरहून जाड कागद आणले, शिसपेन्सिली आणल्या. रायबा काढत गेला. म्हशीच्या पाठीवर बसलेला बगळा, ताक घुसळणारे हात, झोपलेला हैबती. मास्तर एकेक कागद दोन्ही हातांनी धरून उजेडाकडं नेत. त्यांना खरंच आनंद होत होता, हे धोंडाबाईनं पाहिलं होतं आणि म्हणून तिनं त्यांना घरातलं पहिलं लोणी द्यायला सुरुवात केली होती.

मग मास्तरांनी पुण्याच्या मंडळाची गोष्ट काढली. एका धनवान व्यापाऱ्याच्या देणगीतून हे मंडळ निघालं होतं. खेड्यापाड्यांतली असामान्य बुद्धीची मुलं हुडकायची, त्यांना पुण्यात ठेवून घ्यायचं, खाणं-कपडा-शिक्षण सगळं मंडळानं बघायचं. चित्र काढणाऱ्याला चित्रकलेचे गुरू, गाणाऱ्याला गाण्याचे. त्यासाठी मुलाच्या कामाचे नमुने, त्याचा फोटो, घरची हकीकत आणि प्रतिष्ठित माणसांचे दाखले असं सगळं एकत्र बांधून पाठवायचं. मास्तर त्याला 'बाड' म्हणत. रायबाला हा शब्द फार आवडला. येता-जाता तो 'माजं बाड, माजं बाड' करायचा.

मास्तरांनी त्याला मंडळाच्या पत्रकातलं एक चित्र दाखवलं होतं. त्यात रंगांची पेटी होती, चौकोनी वड्या ओळीनं मांडलेल्या. त्या दिवसापासून पोराला झोप नव्हती. "आये, निळा रंग खरंच आभाळावानी आसंल?" असं तो विचारायचा. धोंडाबाईनं ठरवलं, पोराला पाठवायचं. आपल्याला आठवण येईल ती येऊ दे.

फोटो काढायला नसरापूरला जायचं ठरलं. तिथं बाजाराच्या दिवशी एक फोटोवाला पडदा टांगून बसे. आदल्या दिवशी तिनं रायबाला दगडानं घासून आंघोळ घातली, शिकेकाईनं डोकं धुतलं. नवं कुडतं स्वतः शिवलं होतं. टाके मोठे होते पण कापड कोरं होतं. पहाटे गाडीत बसताना तिनं त्याच्या केसांना तेल लावून भांग पाडला.

फोटोवाल्याच्या पडद्यापाशी मास्तर आधीच येऊन उभे होते. रायबाला बघून त्यांचा चेहरा जरा पडला.

"फारच नीटनेटका केलात हो याला."

"मंग? फोटू काढायचाय न्हवं?"

"तसं नव्हे. तुमची रोजची घोंगडी आणलीय का? ती द्या."

त्यांनी कुडतं उतरवून घोंगडी पोराच्या खांद्यावर टाकली. फोटोवाल्यानं मान तिरकी करून पाहिलं आणि पलीकडच्या चहावाल्याच्या चुलीतून मूठभर राख आणली. दोन्ही गालांना लावली, थोडी कपाळाला लावली, तेल घातलेल्या केसांत बोटं घालून ते विस्कटले. मग मास्तरांना म्हणाला, "नाकाखाली जरा पाण्याचा थेंब लावू का? शेंबडासारखा दिसेल."

"नको, एवढं नको," मास्तर म्हणाले. पण हसले.

धोंडाबाई पुढं झाली. "ह्यो काय अवतार केलासा माज्या पोराचा? म्या काल घासघासून धुतलाय त्येला."

"धोंडाबाई, जरा समजून घ्या. पुण्याच्या लोकांना धनगराचं पोर धनगरासारखं दिसलं पाहिजे."

"धनगराचं प्वार कसं दिसतं त्ये तुमास्नी ठावं, का मला?"

फोटोवाल्यानं काळ्या कापडात डोकं घातलं. रायबा मास्तरांनी सांगितलं तसा, ओठ किंचित उघडे ठेवून, कुणी काही देईल का अशा नजरेनं उभा राहिला. फोटो झाल्याबरोबर धोंडाबाईनं त्याचा दंड धरला आणि शिवगंगा नदीवर नेऊन त्याचं तोंड इतकं खसखसून धुतलं, की ते लाल झालं. राख गेली तरी ती धूतच होती.

"आये, दुकतंय," रायबा म्हणाला.

तिला मळमळत होतं. पण राखेनं कुणी मरत नाही, असं तिनं मनाला सांगितलं. मास्तर शिकलेला माणूस, त्याला तिकडची रीत माहीत असणार. त्याच्या घरचं पाणी तिनं सोडलं नाही.

बाड गेलं. दोन-अडीच महिन्यांनी मास्तर आनंदानं निरोप घेऊन आले. मंडळाला रायबा पसंत पडला होता. आता मंडळाची माणसं घर बघायला स्वतः येणार होती. त्यानंतर मास्तर रायबाला शाळा सुटल्यावरही थांबवून घेऊ लागले. चार मोठ्या माणसांपुढं कसं बोलायचं ते शिकवतो, म्हणाले.

एक दिवस धोंडाबाई लोण्याचा गोळा पानात बांधून शाळेकडं गेली. शाळा सुटून गेली होती. मागच्या पडवीतून रायबाचा आवाज येत होता, पण बोलणं त्याचं नव्हतं. पुस्तकातलं होतं.

"माझे वडील मी सहा वर्षांचा असताना सर्पदंशाने वारले. तेव्हापासून माझी आई मोलमजुरी करून..."

आवाज भरून आला, हुंदका आला. हैबती सकाळी म्हशी घेऊन रानात गेला होता. क्षणभर धोंडाबाईला वाटलं, त्याचंच काही झालं, आणि पोराला आधी कळलं. ती भिंतीला धरून उभी राहिली.

मग मास्तरांचा आवाज आला. "छान. फक्त 'वारले' म्हटल्यावर थोडं थांबायचं. खाली बघायचं. आणि मग आईचं नाव घ्यायचं."

पोरानं पुन्हा पहिल्यापासून म्हटलं. 'वारले' म्हणून थांबला, खाली बघितलं. या खेपेला त्याच्या डोळ्यांतून खरोखरचं पाणी आलं आणि गालावरून ओघळलं. इतकं झकास, की मास्तरांनी मांडीवर थाप मारली.

धोंडाबाई पडवीच्या कोपऱ्याशी जाऊन उभी राहिली. रायबानं तिला बघितलं. डोळ्यांतलं पाणी तसंच होतं आणि त्याच्याखाली त्याचं तोंड हसायला लागलं.

"आये, कसं जमलं?"

तिच्या तोंडाला पाणी सुटलं, उलटीच्या आधी सुटतं तसं. ती वळली आणि शाळेच्या मागं कण्हेरीपाशी जाऊन ओकली.

मास्तर तांब्या घेऊन धावत आले. तिनं हातानंच तो बाजूला सारला.

"रायबाचा बा मेला व्हय, मास्तर?"

"धोंडाबाई, ऐका..."

"कवा मेला? मला तरी सांगायचं हुतं. म्या कुक्कू लावून हिंडतीय गावभर."

मास्तरांनी तांब्या खाली ठेवला. त्यांचा चेहरा उतरला होता, पण ते घाबरलेले नव्हते. आपलं बरोबर आहे अशा माणसासारखे ते बोलू लागले. "अर्ज ढिगानं येतात. बाप जिवंत आहे, दारात म्हशी आहेत, लोणी विकून पोट भरतं, असं लिहिलं असतं तर त्यांनी बाड उघडलंसुद्धा नसतं. मी लहान असताना माझीही चित्रं अशीच एका संस्थेकडं गेली होती. वडील नोकरीत आहेत म्हणून परत आली. लोक गुणाला पैसा देत नाहीत हो, कीव आली की देतात. तुमच्या पोराच्या हातात जे आहे ते या डोंगरात कुजून जायला नको, एवढ्यासाठी केलं मी. एक दिवसाची गोष्ट आहे. हैबतींनी त्या वेळी रानात राहायचं. आणि तुम्ही..."

ते थांबले. त्यांची नजर तिच्या कपाळावर गेली होती.

"म्या काय?"

"तेवढ्यापुरतं पुसलंत तर."

लोण्याचा गोळा पडवीच्या काठावर होता, तो धोंडाबाईनं उचलला आणि रायबाला पुढं घालून वर निघाली. वाटेत पोरगं तिच्याशी बोलत होतं, पुण्यात काय काय असतं ते सांगत होतं. ती त्याच्याकडं बघत नव्हती. ती लोण्याकडं बघत होती. घरी आल्यावर तिनं ते कुत्र्याला घातलं.

दुसऱ्या दिवशी धारा काढताना तिनं हैबतीला सगळं सांगितलं. तिला वाटलं होतं, हा दुधाची कासंडी फेकून उठेल, निदान एकदा तरी शिवी हासडेल. हैबती आधी हसला. मग म्हशीच्या पोटाला डोकं टेकवून बराच वेळ धार काढत राहिला.

"मास्तर म्हनतोय तर आसंल काईतरी त्येच्यात," तो शेवटी म्हणाला.

"काय आसंल?"

"पोराचं कल्यान. म्या काय खरंच मरतोय व्हय? गोठ्यात बसून ऱ्हाईन. तूबी तेवढं पूस. मानसं गेली की लाव परत."

"तुमास्नी काईच वाटत न्हाई?"

"काय वाटायचं? म्या मेलो न्हाई त्ये मला ठावं हाय की."

तिनं त्याच्याकडं बघितलं. एवढा थोरला माणूस, ज्याच्या खांद्यावर तिनं ताप आलेला रायबा देऊन रात्री काढल्या होत्या. त्याला आपण मेल्याचं काहीच नव्हतं. मास्तरांपेक्षा तिला त्याचीच शिसारी जास्त आली. पण नवऱ्याच्या घरचं पाणी सोडून जाणार कुठं? ती उठली आणि दूध घेऊन आत गेली.

रायबा तिच्या मागं मागं फिरत होता. "आये, तू पुसशील न्हवं? आये, बोल की." तो खरंच घाबरला होता. त्याच्या हातावर कोळशाचे डाग होते. शेवटी ती म्हणाली, "पुसनार न्हाई. पदर फुडं वढून घीन. त्यास्नी दिसनार न्हाई. आन् म्या बोलनारबी न्हाई."

एवढं तिनं कबूल केलं. पोरासाठी केलं. नंतर ती नेहमी म्हणायची, की तेवढंही करायला नको होतं.

मंडळाची माणसं आली ती उन्हाळ्याच्या तोंडाला. मोटार पायथ्याच्या गावात ठेवून चढण चढून आली. एक मंडळाचे कार्यवाह, गोल चष्मा, हातात काठी. त्यांच्याबरोबर एक बाईसाहेब, देणगीदारांच्या घरच्या, रेशमी पातळ नेसलेल्या. गोठ्याचा वास आला तसा त्यांनी अत्तराचा रुमाल नाकाला लावला आणि तो शेवटपर्यंत काढला नाही. मास्तर पुण्याहून परत आलेलं बाड काखेत धरून सगळ्यांच्या पुढं चालत होते. लाल फितीनं बांधलेलं, वर रायबाचं नाव वळणदार अक्षरात.

अंगणात घोंगडी अंथरली होती. धोंडाबाई दाराशी पदर नाकापर्यंत ओढून उभी राहिली.

"ही आई," मास्तर म्हणाले.

"बिचारी," बाईसाहेब रुमालाआडून म्हणाल्या.

कार्यवाहांनी घर बघितलं, चूल बघितली, छपराला हात लावून बघितला. रायबाचे पाय बघितले आणि तळव्याला भेगा आहेत असं वहीत टिपून घेतलं. मग त्याला समोर बसवलं. रायबानं म्हटलं. 'वारले' म्हणून थांबला. खाली बघितलं. बाईसाहेबांचे डोळे भरून आले. त्यांनी पिशवीतून बर्फीचा तुकडा काढून त्याच्या हातात दिला.

"साप कुठं चावला रे त्यांना?" कार्यवाहांनी विचारलं.

हे मास्तरांनी शिकवलेलं नव्हतं. पण रायबा अडखळला नाही.

"पायाला. पाय काळानिळा झाला. आईनं तोंड लावून विष ओढलं, पण ते वर चढलं. मरताना त्यांनी माझं चित्र बघायला मागितलं."

धोंडाबाई पदराआडून पोराकडं बघत होती. बर्फी त्याच्या मुठीत होती. त्याच्या तोंडावर जे दुःख होतं ते त्यानं स्वतः काढलेलं होतं, कातळावरच्या म्हशीइतकंच हुबेहूब.

तेवढ्यात गोठ्यातून खोकल्याचा आवाज आला. हैबती सकाळपासून पेंढ्यात बसला होता, भुसा नाकात गेला असेल. एकदा खोकला, मग दाबता दाबता पुन्हा जोरात.

"कोण आहे तिथं?"

मास्तरांच्या आधी रायबाच बोलला. "माझे चुलते."

"बोलाव की त्यांना."

हैबती बाहेर आला. अंगाला पेंढ्याच्या काड्या चिकटलेल्या, मुंडासं हातात. त्यानं बायकोकडं बघितलं नाही, पोराकडं बघितलं नाही. पाहुण्यांपुढं वाकला, हात जोडले.

"व्हय जी," तो म्हणाला. "म्या चुलता."

धोंडाबाईनं डोक्यावरचा पदर मागं घेतला. मेणावर लावलेलं रुपयाएवढं कुंकू उन्हात लखलखलं.

"चुलता आसंल," ती म्हणाली, "तर माज्या घरात कशापाय निजतुया? इचारा त्येला."

बाईसाहेबांनी रुमाल नाकावर घट्ट दाबला. मास्तर मान खाली घालून उभे राहिले.

"ह्यो माजा न्हवरा. हैबती ढेबे. ह्येला साप चावल्याला न्हाई, इच्चू न्हाई, काई न्हाई. धडधाकट हाय. दारात म्हशी हायेत, आमी उपाशी मरत न्हाई."

आता ही माणसं रागावतील, उठून जातील, असं तिला वाटलं होतं. ती त्याच्या तयारीतच होती. पण कार्यवाह रागावले नाहीत. त्यांनी चष्मा काढून पुसला, मास्तरांकडं बघून मंद हसले, असं पुष्कळदा होतं अशा अर्थानं.

"टिपणीस, एवढं करायची गरज नव्हती. वडील आजारी, काम करण्यास असमर्थ, असं लिहिता येईल. खोकला तर आहेच. बाईसाहेब, आपली हरकत?"

"माझी कसली हरकत? फोटो किती बोलका आला आहे. तोच आपल्या अहवालात पहिल्या पानावर घालू."

धोंडाबाईनं बाडाकडं बघितलं. ते घोंगडीच्या कडेला पडलं होतं. लाल फीत जशीच्या तशी होती. आल्यापासून त्याला कुणी हात लावला नव्हता.

"चितरं बगितलीसा का?" तिनं विचारलं.

"काय म्हणते ती?" बाईसाहेबांनी कार्यवाहांना विचारलं.

"चितरं. माज्या पोरानं काडल्याली. त्येच्यासाठी आलासा न्हवं?"

"बघू की. सावकाश बघू, पुण्याला गेल्यावर." कार्यवाहांनी घड्याळ काढलं. "उतरायचं आहे अजून."

धोंडाबाई खाली वाकली, बाड उचललं आणि पोटाशी धरलं. "म्या माजं प्वार देत न्हाई."

"अगं, काय करतेस हे?" मास्तर ओरडले. "अगं, त्याचं आयुष्य..."

"तुमी उटा माज्या दारातनं, मास्तर. समदीच उटा."

हैबती 'अगं, अगं' करत राहिला. बाईसाहेब आधीच उतरणीला लागल्या होत्या. कार्यवाहांनी वही मिटली, खांदे उडवले आणि काठी टेकत निघाले. त्यांच्या यादीत दुसरी मुलं होती.

रायबा तेव्हा रडला. हे रडणं कुणी शिकवलेलं नव्हतं. त्याला शब्द नव्हते, थांबणं नव्हतं. नाक वाहत होतं, तो मातीत लोळत होता, आईच्या नडगीवर लाथा मारत होता. बर्फीचा चुरा त्याच्या केसांत गेला होता. धोंडाबाईनं लाथा खाल्ल्या. मग तिनं घोंगडी उचलून ओढ्यावर नेली आणि ती माणसं बसली होती तेवढा भाग दगडावर आपटून धुतला.

वस्तीनं तिला वेड्यात काढलं. शेजारची कोंडाबाई म्हणाली, घरात चालून आलेलं नशीब हिनं हाकललं. हैबती महिनाभर तिच्याशी कामापुरतं बोलत होता. मास्तरांनी भोरला बदली मागून घेतली. जाताना ते वस्तीवर आले होते. राहिलेले कोरे कागद आणि पेन्सिली त्यांनी दाराशी ठेवल्या. धोंडाबाई आतच बसून राहिली. रायबानं ते कागद घेतले नाहीत. एका दुपारी शेळ्यांनी त्यांतले निम्मे खाल्ले. बाडातली चित्रं तिनं माळ्यावर ठेवली होती, ती त्या पावसाळ्यात ओल धरून एकमेकांना चिकटली. सोडवायला गेली तेव्हा झोपलेला हैबती आणि बगळा दोन्ही फाटले. तिला वाईट वाटलं. पण आपण चुकलो असं तिला तेव्हाही वाटलं नाही, आणि हेच वस्तीला तिचं सहन होत नसे.

रायबानं दोन वर्षं कोळसा हातात धरला नाही. मिसरूड फुटल्यावर तो न सांगता भोरला गेला. तिथं बाजारात पत्र्याच्या ट्रंका बनवणाऱ्या एकाकडं राहिला आणि ट्रंकांवर फुलं-पोपट रंगवायला लागला. हात चांगला होता, लग्नसराईत लोक त्याच्याच ट्रंका मागायचे. त्यानं साळूबाई नावाची मुलगी केली. दसऱ्याला वर यायचा, बापाला तंबाखू आणायचा, आईशी बेतानं बोलायचा.

सेहेचाळीस साली साळूबाईला मुलगी झाली, म्हणून धोंडाबाई भोरला गेली. रायबाची खोली दुकानाच्या मागंच होती. तेलरंगाचा वास अष्टौप्रहर भिंतींतून यायचा. ती नातीला मांडीवर घेऊन दारात बसायची, पण वासानं भाकरी आत ठरायची नाही. चार दिवसांनी ती म्हणाली, मी जाते.

रायबा तिला उत्रोलीपर्यंत पोचवायला आला. तिथून पुढं जाणारी गाडी मिळणार होती. भाताची खाचरं नुकतीच लावून झाली होती. गाडीची वाट बघत दोघं बांधावर बसली. रायबानं तिच्यासाठी एक लहान ट्रंक आणली होती. हिरवी, वर पोपटांची जोडी. पोपट सुरेख होते, पण सगळ्या ट्रंकांवर असतात तसेच होते.

"आये," तो पोपटांकडं बघत म्हणाला, "त्या दिशी तू गप ऱ्हायली आसतीस, तर म्या आज ह्ये पोपट काडत बसलो नसतो."

"व्हय," ती म्हणाली. "नसतास बसला."

रायबानं ट्रंक बाजूला सरकवली.

"तुला काईच वाटत न्हाई?"

"वाटतं की. लई वाटतं. त्या माळ्यावरच्या कागदांचंबी वाटतं. पन तुजा बा हात जोडून हुबा ऱ्हायला त्ये डोळ्यांफुडं आलं, की अजून माज्या पोटात कालवतं. त्येला म्या काय करू?"

"त्यो बिचारा माज्यासाठीच हुबा ऱ्हायला हुता."

"ठावं हाय मला," धोंडाबाई म्हणाली. "म्हून तर."

गाडी आली. गाडीवानानं तिला हात देऊन वर घेतलं. रायबानं ट्रंक उचलून तिच्या पायाशी ठेवली. तिनं झाकण उघडलं, आतून ओल्या रंगाचा भपकारा आला आणि तिनं तोंड फिरवलं.

"वास जाऊ दे ह्येचा," ती म्हणाली. "तवर तुज्यापाशीच ठेव. दसऱ्याला ये घिऊन."

तिनं ट्रंक परत खाली दिली. बैल निघाले. रायबा ट्रंक दोन्ही हातांत धरून बांधावर उभा होता. गाडी वळणावर गेल्यावर त्यानं ती डोक्यावर घेतली आणि भोरच्या वाटेला लागला.